लाल पेनवाल्या काकांना

काका, नमस्कार.

२०२३च्या पावसाळ्यात नाशिकहून पंचवटी एक्सप्रेसने आलेला एक मुलगा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तुमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरशी ओली यादी घेऊन उभा होता. आठवतो का? तो मी. पाट्यांवर त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, त्यामुळे आधी दोनदा तुमच्या दुकानावरून पुढे गेलो होतो. तेव्हा लाजेने बोललो नाही.

यादी आमच्याकडच्या एका दुकानदाराने ‘गेमिंग पॅकेज’ म्हणून करून दिली होती. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर५ रॅम, तीन पंख्यांचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, छोटं काचेचं कॅबिनेट, आणि ‘६५० वॅट’ असं ठसठशीत छापलेला पण कोणाचा ते न कळणारा पॉवर सप्लाय. दोन वर्षं शिकवण्या घेऊन जमवलेले पैसे खिशात होते. तुम्ही यादी वाचलीत, चष्मा कपाळावर सरकवलात आणि लाल पेन काढलंत.

‘डीडीआर५ कशाला?’

‘नवीन आहे ना, काका.’

तुम्ही हसला नाहीत, हे मी कधी विसरणार नाही. खणातून दोन्ही प्रकारच्या रॅम काढून एकावर एक धरल्यात. ‘खाच बघ.’ दोन्हींची खाच जराशी इकडेतिकडे, नखाएवढाही फरक नाही. ‘हा प्रोसेसर एएम४ सॉकेटचा, म्हणजे बोर्डावरच्या त्या प्रकारच्या खोबणीत बसणारा. त्याच्या बोर्डात डीडीआर४च बसते. दाबून बसवायला गेलास तर स्लॉट जाईल.’ पहिली लाल रेघ.

मग बोर्ड. बी४५० आलं २०१८ साली, ५६०० प्रोसेसर २०२२ साली. पडून राहिलेला जुना माल असेल तर त्यातला बायोस, म्हणजे बोर्ड सुरू करणारा प्रोग्रॅम, या प्रोसेसरला ओळखतच नाही, आणि मग पडद्यावर काय बिघडलंय तेही दिसत नाही. ५६००मध्ये स्वतःचं ग्राफिक्सही नाही. शिवाय ४०६० आठच लेनवर, म्हणजे डेटाच्या आठच वाटांवर चालतं, म्हणून त्याला वेगवान चौथ्या पिढीचा स्लॉट देणारं बी५५० बोर्ड बरं, असं म्हणून तुम्ही ते काढलंत आणि बायोस अद्ययावत करूनच हातात दिलंत. त्याचे पैसे विचारले तर ‘चहा पी आधी’ म्हणालात.

कार्डासाठी तर तुम्ही चक्क शिंप्याची टेप काढलीत! माझं कार्ड ३०० मिलिमीटरच्या वर, कॅबिनेटवर कार्डासाठी लिहिलेली जागा २८०, त्यातून पुढचा पंखा २५ खाणार. दोन पंख्यांचं घे, चिप तीच आहे, म्हणालात. पॉवर सप्लाय तुम्ही नुसता हातात तोलून बाजूला ठेवलात. ४०६०ला ११५ वॅट पुरतात, त्याला खरे ५५० वॅट देणारा सप्लाय भरपूर झाला. खोट्या ६५०चं काय करायचं? रॅम आणि कार्डात वाचले ते बोर्डात आणि सप्लायमध्ये गेले. बिल होतं तेवढंच राहिलं.

घरी येऊन सगळं जोडलं. रात्री साडेदहाला बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा काळा. हात थरथरत तुम्हाला फोन लावला. तुम्ही जेवत होता बहुतेक. ‘मॉनिटरची केबल कुठे लावलीस?’ एवढंच विचारलंत. बोर्डाला लावली होती! ज्या प्रोसेसरला ग्राफिक्स नाही म्हणून तुम्ही समजावलं होतंत, त्याच्याच भरवशावर. केबल काढून कार्डात खोचली, पडदा उजळला, आणि आईला झोपेतून उठवून दाखवलं. तिने ‘छान आहे, आता झोप’ म्हटलं.

एवढ्या गडबडीत तुमचे आभार मानायचे राहिले, ते आज मानतोय. तुमचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. फोनमध्ये अजून ‘काका लाल पेन’ असंच आहे. ती यादी मी जपून ठेवलीये, पावसाने शाई पसरलीये पण रेघा दिसतात.

दिवाळीच्या आधी येतोय. मावसभावाला एएम५वर, म्हणजे एएम४च्या पुढच्या सॉकेटवर, जायचंय आणि त्याने स्वतःच यादी केलीये. मी बघितली आहे, मुद्दाम काही बोललो नाही. पेन तयार ठेवा.

तुमचा,
नाशिकचा भिजलेला गिऱ्हाईक