मीडिया-रूमच्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

नाव घालायचं नाही, असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं 'मामा'. विभागात तुम्हाला नावाने हाक मारणारं तसंही कोणी नव्हतं. पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुमच्या हाताखालून इतकी मुलं गेली आणि निरोपाच्या भाषणात आम्ही सगळ्यांनी आभार मानले ते प्राध्यापकांचे. ते मानायलाच हवेत. पण सूक्ष्मजीवशास्त्राची ओळख आणि इतिहास हे पहिल्या सत्रातलं प्रकरण मला कळलं ते मीडिया-रूममध्ये, म्हणजे जंतू वाढवायचं खाद्य (माध्यम) जिथे तयार होतं त्या खोलीत, तुमच्या शेजारी उभं राहून.

वर्गात आम्ही सनावळी पाठ केली होती. १६६५ हूक, १६७६ लेव्हेनहूक, १७९६ जेन्नर, १८४७ सेमेलवाइस. परीक्षेत पाच गुणांना पुरायची. त्यातला लेव्हेनहूक, हॉलंडमधल्या डेल्फ्टचा एक कापडव्यापारी, स्वतः घासलेल्या भिंगांतून पाण्याच्या थेंबात हलणारे जीव बघतो आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रं लिहितो, ही गोष्ट तशी भारीच आहे. पण ते जीव येतात कुठून, हा प्रश्न त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षं लोंबकळत राहिला, आणि तो सुटला भिंगापेक्षा चंबू, कापूस आणि उकळण्याच्या कामावर. म्हणजे तुमच्या खात्यावर.

तुम्ही पहिलं काम दिलंत ते कापसाचे प्लग वळायचं. न शोषणारा कापूसच घ्यायचा, कारण साधा कापूस ओला झाला की त्यातूनच जंतू आत उतरतात. प्लग फार घट्ट नको, सैल तर नकोच. प्लगला धरून टेस्टट्यूब उचलायची; ट्यूब सुटली नाही आणि प्लग काढताना 'फट्' असा आवाज झाला तर जमलं. मी विचारलं, हवा तर आत जातेच, मग जंतू का नाही जात? तुम्ही म्हणालात, "हवा जाते, धूळ अडकते." १८५४ साली श्र्योडर आणि फॉन डुश या दोघांनी हेच करून बघितलं होतं: उकळलेल्या रसावर कापसातून गाळलेली हवा सोडली आणि बऱ्याचदा रस स्वच्छ राहिला. पुढे पाश्चरने गनकॉटनमधून (रासायनिक प्रक्रिया केलेल्या कापसातून) हवा ओढली, तो कापूस अल्कोहोल आणि ईथरमध्ये विरघळवला आणि खाली बसलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्यात सूक्ष्मजीवांसारखे दिसणारे गोल कण होते. पुस्तकात पाश्चरच्या हंसाच्या मानेच्या (लांब, वाकड्या नळीच्या) चंबूचं चित्र असतं, हा कापूस सहसा नसतो. मला तर कापसाचाच प्रयोग जास्त पटतो, कारण त्यात अडकलेला गुन्हेगार हाती लागतो.

मग तो गढूळ चंबूंचा प्रसंग. ऑटोक्लेव्हचं (दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या भांड्याचं) गॅस्केट गेलं होतं आणि घाईत कुणीतरी ब्रॉथ (पातळ माध्यम) नुसता उकळून घेतला होता. दुसऱ्या दिवशी चंबू दुधाळ, वर पातळ साय धरलेली. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत होतो आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "उकळलं म्हणजे मेलं, असं नाही. स्पोअर बसून राहतात." स्पोअर म्हणजे बीजाणू, जिवाणूचं चिवट, झोपी गेलेलं रूप. तुमच्या त्या एका वाक्याने पाठ्यपुस्तकातली पाश्चर विरुद्ध पूशे ही लढत माझ्यापुरती उलटीपालटी झाली.

पुस्तकात ती सरळ असते. रूआँचा फेलिक्स पूशे म्हणतो, निर्जीव पदार्थातून जीव आपोआप उपजतात. पाश्चर त्याला खोटं पाडतो, १८६२ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीचं बक्षीस घेतो, विषय संपला. पण पाश्चरचा रस यीस्टचा होता आणि पूशेचा वाळलेल्या गवताचा. गवतावर बॅसिलस सबटिलिस राहतो, त्याचे बीजाणू उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत. म्हणजे पूशेच्या चंबूत खरंच वाढ होत असणार. त्याचा निष्कर्ष चुकीचा होता, डोळे नव्हे. पाश्चर बरोबर होता, पण त्याने निवडलेल्या रसानेही त्याला हात दिला, असं माझं स्पष्ट मत आहे. हे कोडं उलगडायला १८७६ उजाडावं लागलं. त्या वर्षी फर्डिनांड कोहनने गवतातल्या जिवाणूचे बीजाणू आणि त्यांचा चिवटपणा दाखवला, आणि त्याच वर्षी रॉबर्ट कॉखने अँथ्रॅक्सच्या जिवाणूचं बीजाणूंसकट सगळं जीवनचक्र मांडलं. भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडलची तर याच गवताने दैना केली. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गवत आणल्यावर त्याचे आधी व्यवस्थित चाललेले प्रयोग नासायला लागले आणि शेवटी त्याला क्यू इथल्या वनस्पती-उद्यानाच्या प्रयोगशाळेत बिऱ्हाड हलवावं लागलं. त्याने शोधलेला उपाय म्हणजे लागोपाठ थोडं थोडं उकळणं: मधल्या वेळात बीजाणू रुजतात, नाजूक होतात आणि पुढच्या उकळीत मरतात.

त्यानंतर ऑटोक्लेव्ह लावताना मी कधी कुरकुर केली नाही. आधी आतली हवा पूर्ण बाहेर जाऊ द्यायची, मगच झडप बंद. १५ पौंड दाब चढल्यावर घड्याळ लावायचं, आधी नाही. हवा आत राहिली तर काटा दाब दाखवतो, पण १२१ अंश होत नाहीत. हे तुम्ही किती वर्षं, किती जणांना सांगितलंत!

आता अगारबद्दल, म्हणजे माध्यम घट्ट करणाऱ्या पदार्थाबद्दल. ओतायच्या आधी तुम्ही फ्लास्क हाताच्या मागच्या बाजूला टेकवायचात. चटका बसला तर थांबायचं, सोसवला तर लगेच ओतायचं, कारण अगार उकळीजवळ वितळतं आणि चाळीसच्या आसपास आलं की गोठायला लागतं. मधली ती थोडीशी वेळ हातानेच ओळखायची. प्लेटचं झाकण एका बाजूने जेमतेम उचलायचं, ज्योतीजवळ. थंड झाल्यावर प्लेट उलटी ठेवायची, नाहीतर झाकणावरचा दवाचा थेंब पडून कॉलन्या (जिवाणूंचे वाढलेले ठिपके) एकमेकींत मिसळतात.

कॉखला नेमकं हेच हवं होतं, मिसळू न देणं. पातळ रसात दहा जातींचे जिवाणू एकत्र वाढले तर रोग कुणी केला, ते कसं ठरवणार? म्हणून तो उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर गेला, मग जिलेटिनवर. पण जिलेटिन ३७ अंशांना पातळ होतं आणि बरेच जिवाणू ते खाऊनही टाकतात. त्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाल्टर हेस्सेच्या नळ्या उन्हाळ्यात अशाच वितळत होत्या. त्याची पत्नी फॅनी अँजेलिना हेस्से त्याच्यासोबत काम करायची, त्याच्या संशोधनाची चित्रंही काढायची. ती स्वयंपाकात समुद्री शैवालापासून मिळणारं अगार वापरायची. जावाहून आलेल्या शेजाऱ्यांकडून तिला ते लहानपणी न्यूयॉर्कमध्ये कळलं होतं. तिने सुचवलं, वाल्टरने कॉखला कळवलं. १८८२ च्या क्षयाच्या जिवाणूवरील निबंधात कॉखने अगारचा ओझरता उल्लेख केला. हेस्से नवरा-बायकोचा मात्र नाही. १८८७ मध्ये ज्या रिचर्ड पेट्रीने काचेची झाकणवाली ताटली आणली, त्याचं नाव आपण दिवसातून शंभरदा घेतो. त्या ताटलीत जे ओततो ते फॅनीचं.

हे वाचलं तेव्हा मला तुम्हीच आठवलात आणि थोडा रागही आला. आमच्या जर्नलमध्ये निरीक्षण माझं, सही सरांची. ज्या माध्यमावर ती कॉलनी आली ते कोणी केलं, याची ओळ कुठेच नव्हती.

आता मी स्वतः प्रॅक्टिकल घेते. यंदा जर्नलच्या छापील नमुन्यात एक रकाना वाढवून घेतला आहे: 'माध्यम तयार करणाऱ्याचे नाव व तारीख'. एका सहकाऱ्याने विचारलं, याला गुण किती? म्हटलं, शून्य, पण रिकामा ठेवला तर जर्नल तपासणार नाही. मुलं मुकाट्याने मीडिया-रूममध्ये जाऊन नाव विचारून येतात आणि बरीचशी तिथेच अर्धा तास रेंगाळतात, कारण तिथल्या मावशी त्यांना प्लग वळायला बसवतात.

तुमची माजी विद्यार्थिनी