ताई, गुरुजींनी पुस्तक परत केलं होतं

आदरणीय ताई,

नाव टाकू नका म्हणालात, म्हणून टाकत नाही. पण फोनवर "थँक्यू" म्हणून भागावं एवढं आमच्या वाचनालयाच्या कॉम्प्युटरचं हे काम लहान नव्हतं. शिवाय टेबलाखालच्या सीपीयूला वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही, असं वाचनालय आपल्या मराठवाड्यात आमचं एकट्याचंच नसणार. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय.

आमचं कोहा, म्हणजे पुस्तकांच्या देवघेवीचं सॉफ्टवेअर, १७.११ आवृत्तीवर अडकलेलं. त्याच्याखाली डेबियन ९ ही ऑपरेटिंग सिस्टिम. ज्यानं बसवून दिलं तो मुलगा पुण्याला नोकरीला लागला, आणि "चालतंय ना, मग राहू द्या" हेच आमचं धोरण झालं. या उन्हाळ्यात सीपीयूचा पंखा जात्यासारखा घरघरायला लागला तेव्हा घाबरून तुम्हाला फोन केला. विचारायचं एवढंच होतं की नवीन आवृत्ती कशी टाकायची. बोलता बोलता मी तक्रारीच्या सुरात सांगून गेलो, की एक रिटायर गुरुजी शेतीवरचं पुस्तक घेऊन बसलेत, आठ महिने झाले, २४१ रुपये विलंब शुल्क झालंय आणि वर म्हणतात "मी कवाच परत केलं."

तुम्ही अपग्रेडचं बाजूलाच ठेवलंत. "थांबा सर. पुस्तक कपाटात बघितलं का?"

नव्हतं बघितलं. वाचनालयातल्या मामांना पाठवलं, तर पुस्तक आपल्या जागेवर उभं. मला वाटलं गुरुजींनी गुपचूप आणून ठेवलं असेल. लाज वाटते सांगायला, पण वाटलं खरं. मग तुम्ही म्हणालात, "आता 'अबाउट कोहा' उघडा, सिस्टिम इन्फर्मेशनवर जा आणि तिथं काय लिहिलंय ते मला मोठ्यानं वाचून दाखवा." तिथं डेटा प्रॉब्लेम्स म्हणून अख्खी यादी लागलेली. पुस्तक परत घेताना कधी कधी पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी यायच्या, की हे पुस्तक जमा झालेलं नाही, अबाउटचं पान बघायला सांगा. मामा त्या बाजूला सारून पुढचा बारकोड मारायचे. मामांना काय बोलणार, मीही तेच करायचो.

तुम्ही ते नोंदवहीच्या भाषेत समजावलंत ते अजून डोक्यात आहे. पुस्तक दिलं की त्या व्यवहाराला चालू नंबर पडतो. परत आलं की ती ओळ चालू वहीतून जुन्या वहीत जाते. या वह्या सांभाळणारा आमच्या मशीनवरचा जुना डेटाबेस, मारियाडीबी, पुढचा नंबर फक्त मेमरीत ठेवायचा. लाइट गेली की विसरला. लाइट आली की चालू वहीतला सगळ्यात मोठा नंबर बघून त्याच्या पुढून मोजायला लागायचा. मधल्या काळात परत आलेल्या पुस्तकांचे नंबर तर जुन्या वहीत जाऊन बसलेले. तेच नंबर दुसऱ्याला पडायचे, आणि ते पुस्तक परत आलं की जुनी वही म्हणायची, हा नंबर माझ्याकडे आधीच आहे. पुस्तक वाचकाच्या नावावर तसंच. आमच्याकडे उन्हाळ्यात दिवसातून चारदा लाइट जाते आणि यूपीएसची बॅटरी दोन वर्षांपासून मेलेली. म्हणजे गुरुजींचा दंड लोडशेडिंगनं लावला होता! असे १७ व्यवहार निघाले. तुम्ही दिलेल्या क्वेरीनं ते शोधले, जुन्या नोंदींना पुढचे नंबर दिले आणि मगच बॅकअप घेतला. तुम्ही म्हणालात, मारियाडीबी १०.२.४ पासून हा विसरभोळेपणा गेला. त्या दिवसापर्यंत अपग्रेड म्हणजे नवीन रंगरंगोटी, असंच मी धरून चाललो होतो.

आता अपग्रेडचं. माझा बेत होता की एका रात्रीत आहे त्याच मशीनवर डेबियन ९ वरून १०, मग ११, मग १२ असं चढायचं, कारण डेबियनमध्ये मधली आवृत्ती गाळता येत नाही. तुम्ही चक्क रागावलात. "आणि ११ वर अडकलात तर सकाळी वाचनालय कशावर उघडणार?" नगरसेवकाच्या मुलाचा जुना कॉम्प्युटर मागून आणायला लावलात, त्यावर कोरं डेबियन १२ आणि कोहा २३.११ टाकायला लावलंत. जुन्या मशीनवर फक्त कोहा-डंप, म्हणजे सगळा डेटा बाहेर काढणारी आज्ञा. त्याच्या दोन फायली पेनड्राइव्हवर, नवीन मशीनवर तो भरायला कोहा-रिस्टोअर, मग डेटाबेस नव्या आवृत्तीवर चढवायला कोहा-अपग्रेड-स्कीमा. कोहा दर मे आणि नोव्हेंबरला नवी आवृत्ती काढतं आणि वर्ष-महिना हाच तिचा नंबर, म्हणजे १८.०५ पासून २३.११ पर्यंत १२ पायऱ्या. पण डेटाबेस त्या एका आज्ञेत ओळीनं चढतो, मध्ये थांबावं लागत नाही. महालक्ष्म्यांच्या सुट्टीत, घरी जेवणावळ सोडून, मी त्या पळणाऱ्या ओळी बघत बसलो होतो. बायकोचे बोल अजून संपलेले नाहीत.

ओळी संपल्या, पुस्तकं दिसली, सभासद दिसले. "शेती" टाकून शोधलं तर शून्य. "कापूस", शून्य. इंग्रजी शब्द टाकला की बरोबर सापडायचं. रात्री साडेअकराला तुम्हाला फोन लावला, आणि तुम्ही उचललात. कोहात शोधाचं काम झेब्रा करतो, मराठी अक्षरं समजायला त्याला आयसीयू नावाची सोय लागते आणि ती सेटिंग डंपमध्ये येतच नाही, हे तुम्हाला तोंडपाठ. डिफॉल्ट डॉट आयडीएक्स फाइलमध्ये चारमॅपच्या, म्हणजे अक्षरांच्या जुन्या पद्धतीच्या, ओळी बंद, आयसीयूच्या चालू, झेब्रा रिस्टार्ट, सगळी सूची नव्यानं बांधायची. अर्ध्या तासानं "कापूस" टाकला आणि ३१ पुस्तकं आली. कोहा बसवून देणाऱ्या त्या पोरानं सहा वर्षांपूर्वी हे केलेलं असणार, पण कुठं लिहून ठेवलं नव्हतं. आता वहीत लिहिलंय, तारखेसकट.

किरकोळ अडचणी आल्याच. देवघेवीच्या नियमांचा एक रिपोर्ट मोडला, कारण २०.०५ पासून नियमांचं टेबलच बदललं. तो तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर दुरुस्त करून पाठवलात. जुनं मशीन महिनाभर तसंच झाकून ठेवलंय, तुम्ही सांगितल्याप्रमाणे.

पैशाचं विचारलं तर तुम्ही हसलात आणि कोहा या शब्दाचा अर्थ सांगितलात. न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ वाचनालयानं जानेवारी २००० मध्ये हे सुरू केलं, आणि माओरी भाषेत कोहा म्हणजे देवाणघेवाणीतली भेट. आपल्याकडचा आहेरच की! वहीत लिहून ठेवलाय, ताई.

गुरुजींकडे मी स्वतः गेलो. माफी मागितली, दंड काढल्याचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, चहा दिला. दुसऱ्या दिवशी वाचनालयात येऊन म्हणाले, "तोंडी नको. पावती द्या." शून्य रुपयांची पावती फाडली, सही केली, शिक्का मारला. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली आणि शेतीवरचं तेच पुस्तक परत मागितलं.

आपला,
परभणी जिल्ह्यातला एक ग्रंथपाल