पंपावरच्या हिशेबाला क्रेडिट का नाही? उच्च शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शिकता शिकता नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांचं काम 'ऑन जॉब ट्रेनिंग'मध्ये धरण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्यात मी एका खोट्या प्रमाणपत्रावर सही केली. ते खोटं आहे हे मला माहीत होतं, आणून देणाऱ्या मुलालाही माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यालाही ठाऊक होतं. आम्ही दोघांनी विषय काढला नाही. मी सही केली, शिक्का मारला, त्याला पदवीसाठी लागणारे चार क्रेडिट (श्रेयांक) मिळाले.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी एम.कॉम.ला शिकवतो, तासिका तत्त्वावर. (तासिका तत्त्वाबद्दल वेगळं पत्र लिहीन. ते याहून बरंच लांब होईल.) नवीन शैक्षणिक धोरण आलं तशी पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या सत्रात चार क्रेडिटची ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन शिकणं, आली. आमच्याकडे तिचे १२० तास होतात. विभागात सगळ्यात कच्चा गडी मीच, त्यामुळे समन्वयक म्हणून फाईल माझ्या टेबलावर आली.

त्या फाईलमधली प्रमाणपत्रं एकदा आपण स्वतः चाळावीत असं मला फार वाटतं. एकाच कर सल्लागाराच्या लेटरहेडवर अकरा मुलांनी १२० तास काढले आहेत. त्या सल्लागाराचं ऑफिस मी पाहिलंय. एक टेबल, दोन खुर्च्या, मागे फायलींचं कपाट. अकरा मुलं तिथे उभीसुद्धा राहणार नाहीत. मजकूर सगळ्यांचा एकच, फक्त नाव बदललेलं. ज्या प्रमाणपत्राबद्दल मी सांगतोय त्यात तर इंग्रजी मजकुरात मुलाचा उल्लेख दोन ठिकाणी 'शी' असा राहून गेला होता. आधी कुठल्या मुलीसाठी टाईप केलेलं असणार.

आता या मुलाबद्दल. नाव सांगत नाही. सकाळच्या पहिल्या तासाला तो शेवटच्या बाकावर असायचा आणि दहाव्या मिनिटाला मान टाकायचा. मी दोन-तीनदा बोललो, एकदा वर्गाबाहेरही काढलं. मग एके दिवशी अंकेक्षण शिकवताना फळ्यावर 'अंतर्गत नियंत्रण' लिहिलं आणि पुस्तकातल्या कुठल्याशा कारखान्याचं उदाहरण द्यायला लागलो, तर हा जागा झाला आणि म्हणाला, "सर, हे तर आमच्या पंपावर रोज असतं."

"कसला पंप रे?"

"हायवेचा. रात्रीची ड्युटी असते माझी, दहा ते सात."

तास संपल्यावर त्याने हजेरीच्या कागदामागे मला सगळं मांडून दाखवलं. ड्युटी घेताना प्रत्येक नोझलचं रीडिंग, सोडताना पुन्हा रीडिंग, दोन्हींतला फरक म्हणजे विक्री. पण पाच लिटरच्या मापाने टेस्टिंग केलेलं असतं, ते तेल परत टाकीत ओततात. मीटरवर गेलं पण विकलं गेलं नाही, म्हणून ते वजा. सकाळी सहाला भाव बदलला तर सहाचं रीडिंग वेगळं घ्यायचं, कारण एका ड्युटीत दोन भाव झाले. मग समोरच्या बाजूला रोख, कार्ड, उधारीच्या चिठ्ठ्या आणि यूपीआय. यूपीआयची गंमत अशी की रात्री बाराला तारीख बदलते, म्हणून एका ड्युटीचे पैसे दोन दिवसांच्या रिपोर्टात शोधायचे. दोन्ही बाजू जुळल्या तर सुटका. शॉर्ट आला तर पगारातून कट.

महोदय, हे पुस्तकात नाही. मी प्राध्यापकीची नेट परीक्षा पास आहे, तरी मला हे माहीत नव्हतं. वर्षभर रोज रात्री हा मुलगा ताळमेळ घालत होता, आणि सकाळी मी त्याला ताळमेळ म्हणजे काय हे सांगत होतो.

साहजिकच मी म्हणालो, मग तुझी ओजेटी झालीच की! पंपाचं पत्र आण. तो आठवडाभर काही बोलला नाही. नंतर कळलं, मालक पत्र देत नाही. मुलाचं नाव मस्टरवर, म्हणजे कामगारांच्या हजेरीपटावर नाही, महिन्याचे नऊ हजार हातात मिळतात. लेटरहेडवर 'हा आमच्याकडे काम करतो' असं लिहून दिलं की उद्या तोच कागद कामगार कार्यालयात पुरावा म्हणून उभा राहील, ही मालकाची भीती. त्याच्या बाजूने ती खरीही आहे. आणि आमच्या फॉर्मवर तर आस्थापनेचं पत्र, शिक्का, मार्गदर्शकाची सही, सगळं बंधनकारक. मग मुलगा कर सल्लागाराकडे गेला, पाचशे रुपये मोजून बारावं प्रमाणपत्र घेऊन आला. ती रात्रसुद्धा तो पंपावरच होता.

ही एकट्याची गोष्ट असती तर आपला वेळ घेतला नसता. त्याच वर्गात एक जण मेडिकलच्या काउंटरवर बसतो, एक्स्पायरीचा माल वेगळा काढून कंपनीला परत पाठवायचं काम त्याच्याकडे. एक जण आडतीवर शेतमालाच्या विक्रीच्या पट्ट्या लिहितो. लग्नसराईत कॅटरिंगला जाणारे तर निम्मे आहेत. मुलींचं चित्र वेगळं. एक मुलगी शाळांचे गणवेश शिवते, नगावर पैसे. बाकीच्यांना संध्याकाळची शेवटची एसटी चुकवून चालत नाही, म्हणून दुकानातली कामं मिळूनही सोडावी लागतात. ओजेटीसाठी जिल्ह्याला जावं म्हटलं तर सवलतीचा पास घर ते कॉलेज एवढ्याच मार्गाचा. पुढचं तिकीट खिशातून. म्हणजे १२० तास फुकट राबा, वर प्रवासखर्च करा, आणि तेवढे दिवस आपली हक्काची मजुरी बुडवा. अशा वेळी पाचशे रुपयांचं प्रमाणपत्र स्वस्त पडतं हो. मुलांनी साधा हिशेब केलाय, वाणिज्य शाखेचीच आहेत ती.

सरकारकडे पैसा नाही असं म्हणावं तर तसंही नाही. २०२४ साली राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी पास मुलाला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन. आमच्याच तालुक्यात पंचायत समितीपासून ग्रामपंचायतीपर्यंत मुलं कामाला बसली. पण अटींमध्ये एक ओळ अशी की शिक्षण चालू असलेला उमेदवार अपात्र. केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना त्याच वर्षी सुरू झाली, तेव्हा महिना ५,००० रुपये, तिथेही पूर्णवेळ शिकणाऱ्याला दार बंद होतं. एकीकडे धोरण सांगतं, शिकताना कामाचा अनुभव घ्या. दुसरीकडे जी योजना कामाचे पैसे देते ती म्हणते, आधी शिक्षण सोडा किंवा संपवा, मग या. हे दोन कागद मंत्रालयात एकमेकांना कधी भेटलेच नाहीत का?

मोठ्या शहरांत, चाकण-वाळूजच्या पट्ट्यात, कंपन्यांशी करार करून शिकाऊ उमेदवारीची जोड असलेल्या पदव्या सुरू होतायत, चांगलंच आहे. आमच्या तालुक्यात कंपनी नाही. पण काम आहे. साखर कारखाना आहे, बाजार समिती आहे, पतसंस्था आहेत, दूध संघ आहे, तहसील आहे, वीज मंडळाचं ऑफिस आहे. यातल्या प्रत्येक ठिकाणी एम.कॉम.च्या मुलाला १२० तास शिकण्याजोगं काहीतरी आहे. मी पत्रं घेऊन यातल्या चार ठिकाणी फिरलो. 'वरून आदेश आहे का?' हा प्रश्न चारही ठिकाणी ऐकला.

ते वरून म्हणजे आपण. म्हणून हे पत्र.

पहिली विनंती साधी आहे. जो विद्यार्थी आधीच पगारी काम करतो, त्याचं ते काम ओजेटी म्हणून धरावं, आणि त्यासाठी मालकाच्या लेटरहेडची अट काढावी. पुरावा म्हणून खात्यावर किंवा यूपीआयवर आलेली मजुरी चालेल, रोजची कामाची वही चालेल, शिक्षकाने एकदा जाऊन पाहून यावं आणि शेवटी तोंडी परीक्षा घ्यावी. पंपावरच्या मुलाची तोंडी परीक्षा मी आनंदाने घेतली असती. सल्लागाराकडच्या अकरा जणांची घेतली असती तर अवघड होतं. यासाठी नवीन कायदा लागत नाही. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात अनुभवाला क्रेडिट देण्याची सोय आहेच, ती विद्यापीठांच्या नियमांत उतरायची राहिली आहे. यात एक अडचण मला दिसते, ती लपवत नाही: मस्टरवर नसलेलं काम मान्य करायचं म्हणजे मालकाच्या चुकीकडे डोळेझाक करायची का? माझ्याकडे याचं पक्कं उत्तर नाही. पण आज त्या चुकीची शिक्षा मालकाला होत नाही, मुलाला होते, एवढं दिसतं.

दुसरी, युवा कार्य प्रशिक्षण योजनेतली ती एक ओळ बदलावी. ओजेटीचे १२० तास जे विद्यार्थी सरकारी, निमसरकारी किंवा सहकारी कार्यालयात काढतील त्यांना तेवढ्या तासांचं विद्यावेतन त्याच योजनेतून द्यावं. पदवीधराचे पूर्ण दहा हजार नकोत. तिकिटाचे आणि बुडालेल्या मजुरीचे निघाले तरी पुष्कळ.

आणि 'कमवा व शिका'. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, स्वतः किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडलेला हा माणूस. त्यांच्या वसतिगृहातली पोरं शेतात राबायची, दगड फोडायची आणि शिकायची. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं तेही याच तत्त्वावर. आज ही योजना जवळपास प्रत्येक कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत आहे. आमच्याकडे तिच्यात तेरा मुलं आहेत. ग्रंथालयातली पुस्तकं लावणं, बागेला पाणी घालणं, ऑफिसात झेरॉक्स काढून देणं. तासाचा दर चहा-वड्याच्या पुढे फारसा जात नाही, आणि ते पैसे गेल्या वर्षी परीक्षा झाल्यावर एकरकमी आले. मेस महिन्याच्या महिन्याला पैसे मागते. निदान दरमहा खात्यावर जमा करण्याचा आदेश निघाला, तर काही मुलं रात्रीचा पंप सोडून दिवसा ग्रंथालयात येतील.

हजेरीबद्दल फार लिहीत नाही. पंचाहत्तर टक्क्यांचा नियम योग्यच आहे. फक्त एम.कॉम.चे तास आठवड्यातल्या सलग तीन दिवसांत बसवायची मुभा द्या, उरलेल्या दिवसांत मुलं काय करतात ते बघा.

काही सहकारी म्हणतात, पोरांनी कामाला जायची वेळच येऊ नये, शिष्यवृत्त्या वेळेवर द्या. बरोबरच आहे, द्याच. पण त्या कागदामागचा हिशेब पाहिल्यापासून मला वाटतं, तो मुलगा पंपावर फक्त पैसे मिळवत नव्हता. तसा हिशेब त्याला आमच्या वर्गात कुणी शिकवला नसता.

तो आता एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा एका पतसंस्थेत मुलाखतीला गेला होता. अनुभवाच्या रकान्यात काय लिहू म्हणून विचारायला आला. मी म्हणालो, पंप लिही. तो म्हणाला, "सर, पण प्रमाणपत्र सल्लागाराचं आहे." शेवटी त्याने सल्लागारच लिहिला. मुलाखतीत त्यांनी जीएसटीच्या रिटर्नबद्दल विचारलं, याला सांगता आलं नाही.

नव्या बॅचचे ओजेटीचे फॉर्म जानेवारीत माझ्या टेबलावर येतील. त्याआधी आपल्या विभागाकडून काही कळलं तर बरं होईल.

आपला,
वाणिज्य विभागातला एक तासिका प्राध्यापक