अनिता मावशीच्या नावाची गल्ली

मँचेस्टर, रविवार

आबांना सा.न., आईबाबांना पण.

आई, हे आबांना मोठ्याने वाचून दाखव, कानातलं मशीन ते ड्रॉवरमध्ये ठेवतात हे मला इथे बसून पण माहितीये.

आबा, बातमी अशी की तुमची नात शेवटी गिरणीतच कामाला लागली! घाबरू नका, नोकरी तीच कॉम्प्युटरची, फक्त कंपनीने ऑफिस हलवलंय अँकोट्स नावाच्या एरियात आणि ते आहे एका जुन्या सुताच्या गिरणीत. लाल विटा, कालव्याच्या कडेला, माझ्या टेबलाला खेटून एक बिडाचा खांब, त्याला हात लावला की बर्फासारखा गार. हीटिंग दोन आठवडे बंद आहे, सगळे जॅकेट घालून टाइप करतोय. आणि त्या काळात इथे उलटं, सूत तुटू नये म्हणून खात्यात मुद्दाम गरम आणि दमट ठेवायचे, तुम्ही सांगायचात ना की घामाने बनियन पिळून काढायचात, तसंच.

शाळेत आपल्याला शिकवलं होतं इचलकरंजी म्हणजे महाराष्ट्राचं मँचेस्टर, तर खरं मँचेस्टर सुरू झालं ते या अँकोट्ससारख्या वस्तीतून. मरे नावाच्या दोन भावांनी १७९८ ला इथे वाफेवर चालणारी गिरणी काढली, मग १८०४ ला रॉचडेल कालवा पूर्ण झाला आणि कोळसा, कापूस सगळं बोटीने यायला लागलं. गंमत म्हणजे रस्त्याखालून बोगदा काढून बोटी थेट गिरणीच्या आवारात आणायची सोय होती, ते पाणी अजून आहे, आता त्याच्या चारी बाजूंनी फ्लॅट आहेत आणि लोक गॅलरीतून ते बघत कॉफी पितात. हजाराच्या वर माणसं होती एकट्या मरेंकडे, त्यात पोरं सुद्धा, मशीन चालू असताना खाली सरपटत जाऊन पडलेला कापूस झाडून काढायचा हे त्यांचं काम. शेजारची आठ मजली गिरणी १८२० ची. मुंबईत दावरांची पहिली गिरणी सुरू झाली १८५६ ला, म्हणजे आपला भोंगा वाजायच्या कितीतरी आधी हे लोक त्या धुरात राहात होते.

भोंग्यावरून आठवलं. इथे पहाटे उठवायला माणूस यायचा, लांब काठी घेऊन, वरच्या मजल्याच्या खिडकीवर टकटक करायचा, आणि आठवड्याला थोडे पैसे घ्यायचा. आजीला सांगितलं असतं तर म्हणाली असती, त्याला कोण उठवत होतं?

आता अनिता मावशीला खास सांगा. इथे एक छोटी गल्ली आहे, अनिता स्ट्रीट. मी फोटो पण पाठवला मावशीला. पण तिचं मूळ नाव सॅनिटरी स्ट्रीट! कारण १८९० च्या दशकात म्युनिसिपालिटीने कामगारांसाठी ही घरं बांधली आणि त्यांत नळ आणि संडास होता, त्याचं एवढं कौतुक की नावच ते ठेवलं. पुढे लोकांना लाज वाटायला लागली म्हणून पुढचं एक आणि मागची दोन अक्षरं उडवली आणि उरलं अनिता. फोटो बघून मावशी दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. बाजूलाच १८९४ ची पाच मजली बिल्डिंग आहे, मध्ये मोठा चौक आणि आतल्या बाजूने सज्जे, दोन दोन बिऱ्हाडांत एक संडास. आबा, चाळच हो! फक्त सज्ज्यात कोणी कपडे वाळत घातले नव्हते, आता तिथे म्हातारी माणसं राहतात.

त्या चौकाबाहेर बाकावर एक आजोबा भेटले, त्यांची आई लँकेशायरमध्ये मागावर होती. ते म्हणाले त्या आवाजात बायकांना काही ऐकू यायचं नाही म्हणून त्या ओठ मोठेमोठे हलवून बोलायच्या आणि घरी पण तशाच बोलायच्या. मला एकदम तुमचं दूधवाल्याशी ओरडून बोलणं आठवलं, आम्हाला लहानपणी वाटायचं आबा सारखे रागावलेले असतात.

मी मुंबईची म्हटल्यावर ते हसून म्हणाले, तुम्हीच आमचं काम नेलंत की! मी म्हटलं आमचं पण गेलं. मग त्यांना १८ जानेवारी १९८२ सांगितलं, अडीच लाख माणसं संपावर, तुमची साचा खात्यातली, म्हणजे मशीनवरची नोकरी, आणि गिरणीने अजून न दिलेले पैसे. ते गप्प बसून ऐकत होते. मग त्यांनीच अमेरिकेच्या यादवीचं सांगितलं, १८६१ ते ६५ तिकडचा कापूस यायचा बंद झाला, इथे घरोघरी उपासमार, आणि तरी १८६२ च्या शेवटी इथल्या कामगारांनी सभा घेऊन गुलामीच्या विरोधात लिंकनला पाठिंबा कळवला. जानेवारीत त्याने उत्तर पण लिहिलं, गावात पुतळा आहे त्याचा. मी मनात म्हटलं, त्याच चार वर्षांत मुंबईचे शेठ आपल्या कापसावर गबर झाले. तो आखूड धाग्याचा कापूस इथे कोणाला आवडायचा नाही, 'सुरत' म्हणजे भिकार माल असा शब्दच पडला होता.

गिरण्या बंद पडल्या, वस्ती हलवली, नव्वदच्या सुमारास सगळं ओसाड होतं म्हणे. आता पाव सुद्धा महाग. इमारती मात्र ठेवल्यात, आपल्यासारखे मॉल नाही केले, हे मला आवडलं. पण भाडं ऐकलं तर सूत कातणाऱ्याचा नातू इथे राहूच शकणार नाही, मी पण ट्रामने लांबून येते.

ती ट्राम पुढे ओल्डहॅमला जाते. तिथे प्लॅट ब्रदर्सचा कारखाना होता, मुंबईच्या गिरण्यांची कितीतरी मशिनरी तिथली. तुम्ही म्हणायचात ना, साच्याच्या लोखंडावर इंग्रजी अक्षरं होती, रोज फडक्याने पुसायचात पण वाचता यायची नाहीत. ती कशी होती ते आठवतंय का? आईला कागदावर काढून दाखवा, जशी आठवतील तशी, आणि तिला फोटो पाठवायला सांगा. पुढच्या शनिवारी मी ओल्डहॅमला जाणार आहे.

तुमची,
चिमी

ता.क. आई, कुळीथाचं पीठ संपलं.