धोडप किल्ल्यावरून आल्यावर

नाशिक

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "एवढं ओझं पाठीवर घेऊन डोंगर कशाला तुडवायचे?" दोन वाक्यांत सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

एक गड चढून रात्री घरी परतणं वेगळं आणि सातमाळ्याच्या डोंगररांगेत एका गडावरून उतरून दुसऱ्याकडे, असं लागोपाठ काही दिवस चालणं वेगळं. शिधा, भांडी, अंथरूण-पांघरूण, औषधं, सगळा संसार सॅकमध्ये. त्यात सगळ्यांत जड पाणी. चार लिटर म्हणजे सरळ चार किलो. तरी पुढच्या गडावरच्या, कातळात खोदलेल्या टाक्यात पाणी आहे का, हे खालच्या गावात विचारल्याशिवाय आम्ही थेंबही सांडत नाही. उन्हाळ्याकडे बरीच टाकी तळाला जातात, म्हणून जायचं ते थंडीतच.

आई, तुला चढाची भीती वाटते. खरा कस उताराला लागतो. घसाऱ्यावर बारीक खडी पायाखालून निसटते, सॅक मागून ढकलते, गुडघे भरून येतात, बोटं बुटात पुढे आदळतात. त्यासाठी निघण्याआधी नखं कापते, दुपारी मोजे बदलते, कमरेचा पट्टा घट्ट आवळते, म्हणजे वजन खांद्यांवरून कमरेवर येतं. एकटी कधीच जात नाही, वाट माहीत असलेला गावातला माणूस सोबत असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग इतकं आंबलेलं असतं की उठवत नाही. तासाभराने पाय मोकळे होतात. मग डोक्यात ऑफिस उरतच नाही. वाट, पाणी, मुक्काम, बस्स. संध्याकाळी तीन दगडांवर शिजलेली खिचडी आणि तुझी शेंगदाण्याची चटणी. इतकी चव मला एरवी कधीच लागत नाही.

बाबा, धुळ्याहून येताना वडाळीभोईजवळ उजव्या खिडकीतून धोडप दिसतो, त्याची खाच पडलेली कातळभिंत आठवते ना? जमिनीच्या भेगेत लाव्हा वर येऊन थिजला, आजूबाजूचा खडक झिजून गेला आणि ती भिंत उरली. दुपारी तिच्यावर हात टेकवला तर चटका बसत होता. तिथून पश्चिमेला रवळ्या-जवळ्या, मार्कंड्या, सप्तशृंगी हे डोंगर ओळीने दिसत होते. एवढं सगळं मी माझ्या पायांनी चालून आले, या विचाराने डोळे भरून आले. गाडीने जाऊन हे मिळालं नसतं हो. खाली पायथ्याच्या हट्टी गावात एका मावशींनी ताक दिलं, पैसे काही केल्या घेईनात.

आई, देवीची ओटी भरायची राहिलीय ना? सप्तशृंगीवर ट्रॉली आहे, बाबांना पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. चैत्रातल्या यात्रेची गर्दी व्हायच्या आत या. समोरच मार्कंड्या आहे. आम्ही कुठून चढलो, कुठे मुक्काम केला, ते तिथूनच दाखवते. कधी येताय ते कळवा, म्हणजे मी रजा टाकते.

तुमची,
मनू