मागच्या सीटचा पट्टा

चि. मेघनास अनेक आशीर्वाद.

परवा बोलता बोलता माझा आवाज चढला आणि "बाबा, गाडी मी घेते आहे," एवढेच म्हणून तू फोन ठेवलास. तुझे बरोबर होते. आपल्या घरात स्वतःच्या कमाईतून नवी गाडी घेणारी तूच पहिली, हे त्या वेळी बोलायचे सोडून मी मागच्या सीटच्या पट्ट्याचे काढून बसलो.

तू पाठवलेला गाड्यांच्या तुलनेचा तक्ता मी दोनदा वाचला. सुरक्षिततेचे पाच तारे कोणत्या वर्षीच्या धडक-चाचणीचे आणि नेमक्या कोणत्या व्हेरिएंटचे आहेत ते पाहा, कारण चाचणीचे निकष वेळोवेळी कडक होत गेले आहेत. मोठ्या स्क्रीनसाठी वरचे व्हेरिएंट घेऊ नकोस. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल नसेल तर मात्र ती गाडी सोडून दे. गाडी घसरू लागली की ही व्यवस्था नेमक्या चाकाला ब्रेक लावून तिला स्टिअरिंगच्या दिशेने वळवते. आपोआप लागणारा ब्रेकही चांगला, पण मुसळधार पावसात, धुक्यात किंवा डोळ्यांवर येणाऱ्या उन्हात त्याचा कॅमेरा चुकू शकतो, म्हणून त्याच्या भरवशावर वेग वाढवू नकोस. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. एअरबॅगा सहा असल्या तरी त्या पट्टा बांधलेल्या माणसाला धरूनच आखलेल्या असतात. शिवाय पडद्यासारखी एअरबॅग खिडकीच्या बाजूने उतरते, त्यामुळे समोरून धडक बसली तर मागे बसलेल्याला बहुतेक गाड्यांत पट्ट्याखेरीज दुसरा आधार नसतो.

पाहा, पुन्हा पट्ट्यावरच आलो. हे व्याख्यान झाले, माफ कर.

आपल्या जुन्या गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी व्यवस्था, नव्हते. त्या रात्री पावसात मी ब्रेक दाबला, चाके जागच्या जागी अडकली आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवूनही गाडी सरळच घसरत गेली. तू मागे झोपली होतीस, पट्ट्याविना, कारण "झोपू दे तिला" असे मीच आईला म्हणालो होतो. गाडी झाडापासून हातभर अंतरावर थांबली. तू सीटखाली घरंगळलीस आणि डोळे चोळत विचारलेस, "पोहोचलो का?" आईने त्याबद्दल आजवर मला एका शब्दाने विचारलेले नाही. तीन ठिकाणी धरणारा पट्टा १९५९ पासून गाड्यांत आहे. माझ्याच हाताशी असलेली गोष्ट मी तुला लावली नाही.

चिकूची बाळाची सीट आयसोफिक्सच्या, म्हणजे ती सीट गाडीलाच अडकवायच्या, कड्यांत नीट बसते का, ते तिथेच बसवून पाहा. मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट चालू एअरबॅगसमोर, पुढे, कधीही ठेवू नकोस. मागच्या मधल्या जागेचा पट्टाही खांद्यावरून येणारा आहे ना आणि मागच्याने तो लावला नाही तर इशारा वाजतो ना, एवढे माझ्यासाठी विचार.

गाडी आली की पहिल्या फेरीला मी मागे, चिकूच्या शेजारी बसेन. तू सांगण्याआधी पट्टा लावलेला असेल.

तुझा,
बाबा