स्टेडियमचा खर्च कोणी करायचा?

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू अगदी पोटतिडकीनं बोलत होतीस. नव्या स्टेडियमचा निम्मा खर्च सरकारनं उचललाच पाहिजे, नाहीतर मालक संघ घेऊन दुसऱ्या शहरात जाईल, असं तुझं म्हणणं. फोनवर वाद नको म्हणून मी ऐकून घेतलं. पण हा विषय मलाही जिव्हाळ्याचा आहे, म्हणून हे पत्र.

तुझी भीती खरी आहे. १९८४ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा कोल्ट्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ रातोरात ट्रकमध्ये सामान भरून इंडियानापोलिसला निघून गेला. वर्षानुवर्षं स्टेडियममध्ये घसा कोरडा करणाऱ्या लोकांना सकाळी कळलं की आपल्या शहराला आता संघच नाही. मला त्या लोकांचं फार वाईट वाटतं. आणि नेमकं हेच दुःख दाखवून मालक लोक शहरांकडून पैसे काढतात, याचा रागही येतो.

स्टेडियम उभं राहिल्यावर तिकिटांचे, श्रीमंतांसाठीच्या खास कक्षांचे, जाहिरातींचे आणि स्टेडियमला कंपनीचं नाव देण्याचे पैसे बहुतेक वेळा मालकाकडे जातात. कर मात्र कधीच सामना न पाहणाराही भरतो. शहरात पैसा खेळेल, रोजगार येईल, असं तू म्हणालीस. पण सामन्यावर खर्च करणारं कुटुंब तेवढंच सिनेमावर किंवा बाहेरच्या जेवणावर कमी करतं. पैसा शहरातलाच, फक्त खिसा बदलतो. अमेरिकन फुटबॉलच्या संघाचे तर हंगामात घरच्या मैदानावर साखळीतले आठ-नऊच सामने होतात, तेवढ्यावर किती जणांना कायमची नोकरी मिळणार? अर्थतज्ज्ञांचं एकमत क्वचितच होतं, पण स्टेडियमवर घातलेला सरकारी पैसा शहराला परत मिळत नाही यावर ते जवळपास एका सुरात बोलतात.

सिएटलचं किंगडोम हे सार्वजनिक पैशानं बांधलेलं स्टेडियम २००० मध्ये स्फोटकं लावून पाडलं. त्याचं कर्ज फिटायला २०१५ उजाडलं.

आता सॅन फ्रान्सिस्कोचं बघ. तिथल्या जायंट्स या बेसबॉल संघाला सार्वजनिक पैशातून स्टेडियम हवं होतं. १९८७ ते १९९२ या काळात तिथल्या आणि आसपासच्या शहरांतल्या मतदारांनी चार वेळा नकार दिला. संघ जाता जाता राहिला. शेवटी नव्या मालकांनी कर्ज काढलं, स्टेडियममधल्या काही आसनांचे हक्क आगाऊ विकले, एका टेलिफोन कंपनीकडून नावाचे पैसे घेतले आणि बहुतेक सगळा खर्च स्वतः करून २००० मध्ये स्टेडियम उघडलं. लोक ठाम राहिले म्हणून मालकांना दुसरी वाट शोधावी लागली. लंडनमध्ये टॉटनहॅम क्लबनंही २०१९ मधलं आपलं स्टेडियम स्वतः कर्ज काढूनच बांधलं.

सरकारनं काहीच देऊ नये, असं मी म्हणत नाही. रस्ते, सांडपाणी, रेल्वेचं स्थानक ही सरकारची कामं आहेत. धावण्याचे ट्रॅक, पोहण्याचे तलाव, मुलांना फुकट खेळता येईल अशी मैदानं कुठलाच मालक बांधणार नाही, तिथे माझा कर आनंदानं घ्या. पण ज्या इमारतीचं उत्पन्न एका माणसाला मिळतं, तिचा खर्च त्यानं करावा. आणि सरकारनं त्यात पैसे घातलेच, तर उत्पन्नातही वाटा मागावा.

तो वाटा कागदावर नीट लिहून घ्यावा लागतो. मायामीत २०१२ मध्ये मार्लिन्स या बेसबॉल संघाचं स्टेडियम मुख्यतः सार्वजनिक पैशातून उभं राहिलं. मालकानं संघ लवकर विकला तर नफ्यात जनतेला वाटा मिळेल, असं कलम करारात होतं. २००२ मध्ये सुमारे १६ कोटी डॉलरला घेतलेला संघ त्यानं २०१७ मध्ये १२० कोटींना विकला आणि हिशेब दाखवला की नफा झालाच नाही! त्यानं कर्जं, कर, फी असं सगळं वजा केलं होतं. प्रकरण कोर्टात गेलं, शेवटी तडजोड झाली आणि जनतेच्या हाती त्या रकमेचा अगदी किरकोळ भाग आला.

तुमच्याकडे जनसुनावणी आहे म्हणालीस. तू जाच. संघाचा टी-शर्ट घालूनच जा, म्हणजे खेळाचा शत्रू बोलतोय असं कोणी म्हणणार नाही. कराराचा पूर्ण मसुदा माग. खर्च वाढला तर जादा रक्कम कोण भरणार, दुरुस्ती कोणाकडे आणि संघ विकताना नफा कसा मोजणार, ही कलमं आधी वाच. उत्तरं काय मिळतात ते मला कळव.

तुझा,
बाबा